शाळेचा आकडा, पोरीचा आकडा

आमच्या घरात भांडण सुरू करायला मी एकटी पुरेशी आहे, असं माझा नवरा म्हणतो. तो सांगलीचा आणि मी पुण्याची, त्यामुळे हे वाक्य तो फार हळू आवाजात म्हणतो. पण मुलगी सहावीत गेली त्या वर्षी त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून सुरुवात झाली तरी आम्ही शेवटी येऊन पोचायचो ते शाळांच्या आकड्यांवर.

हे आकडे काय असतात ते आधी सांगते, कारण पुण्यातल्या माझ्या बहिणीला ते समजावताना मला तीनदा फोन करावा लागला होता. सिंगापूरमध्ये सहावीच्या शेवटी सगळ्या मुलांची एकच मोठी परीक्षा होते. चार विषय. प्रत्येक विषयात एक ते आठ अशी पातळी मिळते, आणि एक सगळ्यात चांगली. चारही पातळ्यांची बेरीज म्हणजे मुलाचा आकडा: चार सगळ्यात उत्तम, बत्तीस सगळ्यात वाईट. आकडा जितका लहान तितका निकाल चांगला. त्यावर पुढची माध्यमिक शाळा मिळते. घरच्यांनी सहा शाळा पसंतीच्या क्रमाने भरायच्या असतात. आणि सरकार आपल्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेपुढे दोन आकडे देतं: गेल्या वर्षी तिथे गेलेल्या मुलांत सगळ्यात वरचा कुठला होता आणि सगळ्यात शेवटचा कुठला. पासवर्ड नको, फी नको, कुणाची ओळख नको. कुणीही उघडावं आणि बघावं.

मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत काम करते. कुठलं जहाज कधी बंदराला लागेल, वाटेत किती रखडेल, याचे अंदाज बांधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. असं वाढलेलं ताट समोर आल्यावर मी हात बांधून बसणं शक्यच नव्हतं. मी सगळ्या शाळांचा तक्ता केला. आम्ही राहतो त्या पासिर रिसहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, लागणारा वेळ घातला, गाड्या बदलायच्या जागा घातल्या, आणि शाळांना रंग दिले. हिरवी म्हणजे जाण्यासारखी, पिवळी म्हणजे वेळ आलीच तर, आणि लाल म्हणजे तिकडे बघायचंसुद्धा नाही. हा तक्ता मराठी मंडळींत इतका गाजला की दिवाळीच्या फराळाला एक मैत्रीण, जी नोव्हेनाला डॉक्टर आहे आणि जिचा मुलगा एक वर्षाने मागे आहे, ती चकली हातात धरून मला म्हणाली, "पुढच्या वर्षी हाच तक्ता मला दे, मी दुसरं काही बघणार नाही." मी नको नको म्हणत फुशारले.

मुलगी या सगळ्याकडे तोंड वाकडं करून बघायची आणि इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडून म्हणायची, "आई, रिझल्ट नॉट इव्हन आऊट यट, लाह."

"म्हणूनच," मी म्हणायची. "आधी तयारी नको का?"

तिची तयारी आधीच झाली होती, हीच तर अडचण होती. आमच्या ब्लॉकपासून चालत जाता येईल अशी एक शाळा आहे. माझ्या तक्त्यात ती लाल होती. मे महिन्यात त्या शाळेने पालकांना आणि मुलांना बघायला बोलावलं, तेव्हा लाल शाळेसाठी शनिवार कशाला घालवायचा म्हणून मी घरीच राहिले आणि नवरा तिला घेऊन गेला. परत आली ती घामाने निथळत आणि लाल चेहऱ्याने. ती फ्लोअरबॉलची गोलकीपर आहे. हा खेळ इथल्या शाळांत फार चालतो: हलकी काठी, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू, आणि आत बसलेल्या गोलकीपरच्या हातात काठीच नाही. तिने गुडघ्यांवर बसून अंगानेच चेंडू अडवायचा. त्या दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी तिला हेल्मेट घालून गोलमध्ये बसवलं होतं, आणि मोठ्या मुली तिच्यावर चेंडू मारत होत्या. "शी लव्ह्ड इट," नवरा म्हणाला. मी म्हटलं, आवडणं वेगळं आणि शाळा वेगळी.

माझी निवड होती बेटाच्या पार दुसऱ्या बाजूची एक शाळा. हिरवीगार. दोनदा गाडी बदलून जायचं, पण आकडा असा की सांगताना छाती फुगावी.

दिवाळीला सासरे आले. सांगलीजवळच्या एका गावात गणित शिकवता शिकवता ते मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले होते. मला वाटलं होतं, हे आता नातीची बाजू घेणार. कसलं काय. तक्ता बघताच त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सूनबाई, हा रकाना चढत्या क्रमाने लाव बरं." त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघं तक्त्याला बसायचो. नवरा समुद्रावर फिरायला जायचा. आम्हा सासरा-सुनेत इतकं सख्य त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि त्याला त्याची थोडी भीतीच वाटत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी निकाल लागला. शाळेत वर्गशिक्षिकेने एकेका मुलाला बोलावून कागद हातात दिला. आमच्या बाईसाहेबांनी तो न बघता घडी घातला, कुणाशी काही न बोलता बाहेर आल्या, आणि घराखालच्या बाकावर बसून मग उघडला. दहा. मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती म्हणाली, "कान्ट ब्रीद." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचं मला कधी जमलं नाही आणि त्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही.

वर आल्यावर सासऱ्यांनी घाईघाईने फॅमिली ग्रुपवर टाकलं: "चिरंजीव नातीला दहा मिळाले." पाचेक मिनिटं सांगली, मिरज, पुणे, सगळीकडे शांतता. मग आत्यासासूबाईंचा निरोप आला: "खचून जाऊ नको बाळा, आरोग्य महत्त्वाचं." एका मावशीने हात जोडलेली चित्रं पाठवली. एका काकांनी विचारलं, "दहा कशापैकी?" नवरा हसून हसून जमिनीवर बसला. सासरे मात्र एकेकाला फोन लावून गणित समजावत बसले आणि त्यांचा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका वाढत गेला.

त्यानंतर ते झालं, जे फक्त आमच्याच घरी होऊ शकतं. सासऱ्यांनी सकाळीच मला लिटिल इंडियातून आणलेल्या दूध पावडरचे पेढे वळायला लावले होते. निकाल म्हटला की पेढे, आणि पेढे म्हटले की दारोदार. त्यांनी ताटली घेतली, नातीचा हात धरला आणि कॉरिडॉरमधून निघाले. शेजारच्या चिनी आंटी दारातच होत्या. त्यांचा नातू आमच्या मुलीच्याच शाळेत, तिच्याच वर्गात. आंटींनी कौतुकाने पेढा घेतला. मग सासऱ्यांनी आत उभ्या असलेल्या त्या नातवाकडे बघून, आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत, अगदी मायेने विचारलं, "अँड यू? हाऊ मच यू गॉट?"

आमच्या गावाकडे हे विचारावंच लागतं. एका मुलाचे पेढे वाटायचे आणि समोरच्या मुलाला काही विचारायचं नाही, म्हणजे याचं काही खरं नसणार हे आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं. सासरे आपल्या परीने सभ्यपणाच करत होते. पण तो मुलगा खाली आपल्या चपलांकडे बघत राहिला, आणि आमची मुलगी आजोबांचा हात सोडून घरात पळाली. आंटी मात्र हसल्या. त्यांनी दुसरा पेढा उचलला आणि म्हणाल्या, "अंकल, हिअर वी नेव्हर आस्क वन."

घरात मुलगी उशीत तोंड खुपसून रडत होती. "ही इज माय फ्रेंड. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, कुणी कुणाला विचारायचं नाही. टीचरनेपण सांगितलं होतं." मग उठून बसली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "माझा नंबर माझा आहे. इथे कुणाला सांगायचा नाही. प्रॉमिस करा."

आम्ही तिघांनीही प्रॉमिस केलं. सासरे तर दोन्ही हात वर करून म्हणाले, "चुकलो गं बाई."

रात्री जेवायला बसलो. वरणभात अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरांचे आकडे झाकायचे, मग शाळांचे का उघडे?"

"कारण शाळा कशी आहे ते कळायला हवं ना, बाबा," मी म्हटलं.

"कळतं का?" ते म्हणाले. "आपल्याकडे शाळेचा निकाल म्हणजे शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोरांचा. खोटा असो, खरा असो, पण बाहेर पडणाऱ्यांचा. हा तुझा आकडा आत येणाऱ्यांचा आहे. म्हणजे शाळेने अजून एक धडासुद्धा शिकवलेला नाही. पंगतीला पानं वाढायच्या आधी, पाहुण्यांचे कपडे बघून स्वयंपाक चांगला आहे म्हणण्यातला प्रकार आहे हा."

मी म्हटलं, "मग महिनाभर माझ्याबरोबर कशाला बसत होतात?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी कधी ऐकलं नव्हतं. आजूबाजूच्या शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडवून ठेवायच्या आणि दहावीचा शंभर टक्के निकाल लावून फाटकावर फलक टांगायच्या. यांनी कधी कुणाला अडवलं नाही. सगळ्यांना परीक्षेला बसवलं. त्यामुळे यांच्या शाळेचा निकाल नेहमी शेजारच्या शाळेपेक्षा कमी, आणि लोक पोरं काढून तिकडे न्यायचे. "तेव्हापासून मला वाटायचं, एकदा तरी आपण वरच्या आकड्याच्या बाजूला असावं," ते म्हणाले. "तुझ्या तक्त्यात ती हौस भागवून घेतली." नवऱ्याने बापाच्या पानात न विचारता तूप वाढलं. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या फाटकावर फलक नसलेल्या शाळेसाठी.

म्हणून मी बदलले असं मात्र समजू नका. सहा शाळा भरायला आठवडाभर होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बेटाच्या पलीकडची शाळा पहिल्या नंबरावर धरून बसले. मुलीने शेजारचीच पहिली हवी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दहा मिळवून लाल शाळेत जायचं म्हणजे दहा पाण्यात घालण्यासारखं आहे. ती म्हणाली, "तू ती शाळा बघितलीसुद्धा नाहीस. हाऊ यू नो?" मी डोक्यात राख घालून घेतली. तिनेही घातली. नवरा समुद्रावर गेला.

सासऱ्यांनी चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चल, शाळा बघून येऊ."

"सुट्टी लागलीय, बाबा. आत सोडणार नाहीत."

"आत कशाला जायचंय? मी इतकी वर्षं शाळेत घालवली. शाळा बघायची असेल तर बाहेर येणारी पोरं बघायची."

आम्ही फाटकासमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसलो. सुट्टी असली तरी खेळांचे सराव चालू होते. थोड्या वेळाने काठ्या खांद्याला लावून मुलींचा एक घोळका बाहेर आला. सासरे बारकाईने बघत होते आणि मला हळूच सांगत होते: बघ, सगळ्यांत मागे राहिली तिच्यासाठी पुढच्या थांबल्या. बघ, झाडणाऱ्या बाईंशी बोलूनच बाहेर पडल्या. मी म्हणत होते, यावरून काय ठरवायचं? तेवढ्यात त्यांतली एक उंच मलाय मुलगी आमच्यापाशी आली. आमची चुळबुळ तिच्या लक्षात आली असावी. तिने विचारलं, "आंटी, वेटिंग फॉर समवन?"

मी सांगितलं की माझी मुलगी मे महिन्यात शाळा बघायला आली होती, फ्लोअरबॉल खेळते, गोलमध्ये बसते.

"ओह!" तिने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली. "द गर्ल हू स्कोल्डेड अस! हर मदर!"

सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या. मग कळलं की माझ्या पोरीने त्या दिवशी हेल्मेटच्या आतून मोठमोठ्या मुलींना ओरडून ओरडून सांगितलं होतं, तू इथे उभी राहा, तू मागे ये, तुझं लक्ष कुठे आहे. पहिल्यांदाच भेटलेल्या मुलींना. "सो फिअर्स, आंटी," ती उंच मुलगी म्हणाली. "अवर गोलकीपर ग्रॅज्युएटिंग. वी ऑल होपिंग शी कम. शी कमिंग ऑर नॉट?"

सासरे माझ्याकडे बघून मिश्या खाजवत होते. हसू दाबायची त्यांची ती रीत आहे. वर्षभर मी सगळ्या शाळांना तोलत होते, कोण आपल्या मुलीला घेईल म्हणून, आणि इथे कुणीतरी अर्धं वर्ष तिची वाट बघत होतं. तिचा आकडा यांना माहीत नव्हता. तिचा आवाज माहीत होता. आणि तो आवाज कुणाचा आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

"शी विल डिसाइड," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं सासऱ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांचा मिशीवरचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉगिन करून लॅपटॉप मुलीपुढे सरकवला. तिने शेजारची शाळा पहिल्या जागी टाकली. मग बोट तसंच ठेवून थांबली.

"काय झालं?"

"आई, लोक शाळेचा नंबर बघतील आणि म्हणतील, माझा रिझल्ट बॅड होता." तिने खालचा ओठ चावला. "आणि मी तर कुणाला सांगणारपण नाही."

एवढा वेळ तिला शाळा कळत होती, मला आकडे कळत होते. आता माझेच आकडे तिच्या डोक्यात शिरले होते. मी म्हटलं, "म्हणू देत. तुला काय वाटतंय ते बघ."

"तुला चालेल?"

"मला चालणार नाही," मी खरं ते सांगितलं. "माझा जळफळाट होईल. पण तो माझा मी बघून घेईन."

ती खुदकन हसली आणि तिने बटण दाबलं.

जळफळाट झालाच. डिसेंबरच्या शेवटी तीच शाळा मिळाली. नोव्हेनाच्या मैत्रिणीने मुलीचा आकडा दोनदा विचारला आणि मी दोनदा विषय बदलला. त्यावरून तिने काय अर्थ काढायचा तो काढला, आणि शाळेचं नाव कळल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काही बिघडत नाही गं. मुलं पुढे सुधारतात." मी ओठ इतके घट्ट मिटले की दात दुखले. घरी येऊन मी ताटं आपटली. मुलगी गुडघ्यांचे पॅड बांधत होती. म्हणाली, "आई, यू प्रॉमिस्ड," आणि सरावाला गेली.

ती आता घरी येते ती घाम आणि बातम्या घेऊन. इतकी बडबड तिने सहावीत कधी केली नव्हती. सासरे सांगलीहून दर रविवारी फोन करून किती गोल अडवले ते विचारतात, आणि त्यांना ते विचारायची परवानगी आहे.

काही महिन्यांनी वेबसाइटवर नवे आकडे लागले. या वेळी मला त्यांचं काही काम नव्हतं, तरी बघितले. आमच्या शाळेच्या पुढे, सगळ्यात वरच्या आकड्याच्या जागी, दहा. आधीच्या वर्षी तो एवढा चांगला नव्हता. मी मुलीला बोलावून दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली आणि कुजबुजली, "आई, माझा प्रायव्हेट नंबर गव्हर्नमेंटने टाकलाय." आम्ही दोघी इतक्या हसलो की नवरा बाथरूममधून काय झालं म्हणून ओरडत होता.

त्याच संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाची आता सहावी, आणि माझा तक्ता समोर उघडून ती त्यात नवे आकडे भरत होती.

"अगं, तुझ्या लेकीच्या शाळेत कुणीतरी दहा घेऊन गेलंय," ती म्हणाली. "कुठेही मिळालं असतं त्या पोराला. कोण असेल गं?"

मुलगी समोरच सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"असेल कुणीतरी हट्टी," मी म्हटलं.

"पण त्या बिचाऱ्या आईचं काय होत असेल?"

"मजेत आहे ती," मी म्हटलं.